चार बोटं मागे

अमेरिकेतला व्यावसायिक फुटबॉल हा फार शास्त्रशुद्ध खेळ आहे. म्हणजे असं, की बावीस गडी एकमेकांच्या अंगावर कोसळतात, त्या ढिगाखालून पंच चेंडू उपसून काढतो, तो साधारण कुठे अडला असेल ते डोळे बारीक करून ठरवतो, आणि मग हे अंदाजपंचे ठिकाण केसाइतकं अचूक मोजायला आम्हाला बोलावतो. आम्ही म्हणजे साखळीवाले. कॉर्बिन फॉल्सच्या मैदानावर आम्ही चौघे होतो: एक पोस्टमन, एक विमा एजंट, एक शाळेतला गायनमास्तर आणि मी, एमिल हुडाक, नळ दुरुस्त करणारा. संघाचा मालक करोडपती, कोचचा तोरा मालकाहून जास्त, सामना अर्ध्या देशात टीव्हीवर. आणि निकाल कशावर? दोन काठ्या, त्यांच्यामध्ये दहा यार्डांची साखळी आणि माझ्या हातातला एक चिमटा.

चिमट्याचं आधीच सांगून टाकतो, कारण सगळी भानगड त्याचीच आहे. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही गेले तर चेंडू समोरच्यांना. हे दहा यार्ड आमची साखळी मैदानाच्या कडेला आखून ठेवते. मैदानावर दर पाच यार्डांना एक पांढरी आडवी रेघ असते. साखळी जिथे त्या रेघेवरून जाते, नेमका तिथे मी चिमटा लावायचा. मोजायची वेळ आली की पंच चिमटा धरून साखळी आत आणतो आणि चिमटा त्याच रेघेवर टेकवतो. म्हणजे साखळी बाहेर जशी होती तशीच आत येते. चिमटा बरोबर लागलाय की नाही हे कोण तपासतं? कोणी नाही. एवढा विश्वास माझ्यावर माझ्या गिऱ्हाइकांनीही कधी टाकला नाही.

आणखी एक नियम होता. साखळीवाल्याने टाळी वाजवायची नाही, हसायचं नाही, हळहळायचं नाही. तोंडावरची माशी हलली तरी लीगचं पत्र येतं. इतरांना हे सोपं जायचं. गायनमास्तरांना तर खेळ कळतच नव्हता. पण आमच्या संघाचा फुलबॅक लेस्टर व्रोबेल हा माझ्या धाकट्या बहिणीचा, रेजिनाचा नवरा. तो माझ्यापासून पाच पावलांवर दर सामन्यात नव्याने मोडत होता आणि मी सरकारी कचेरीतल्या कारकुनासारखा चेहरा करून उभा.

पोलिश भाषेत व्रोबेल म्हणजे चिमणी. ही चिमणी दोनशे पस्तीस पौंडांची होती. समोर माणसांची भिंत उभी असली की शहाणा गडी तिला वळसा घालतो. अशा शहाण्यांचे फोटो दाढीच्या साबणाच्या जाहिरातीत येतात. फुलबॅक भिंतीतून जातो. लेस्टर मुळातच नाकासमोरचा माणूस, त्यात कोचांनी त्याला नाकासमोर धावायचाच पगार दिला. मान खाली, चेंडू पोटाशी, आणि निघाला. त्याला अडवणारे सोमवारी बिछान्यातून उठू शकत नसत. तोही उठू शकत नसे, पण त्याचं कौतुक व्हायचं. नऊ वर्षांत नाक चार वेळा मोडलं, उजव्या हाताची बोटं तर अशी वाकडी झाली की हात मिळवताना समोरचा माणूस आधी खाली बघायचा. बाकी आठवडाभर तो ब्रुअरीच्या लॉरीवर पिंपं चढवायचा, कारण संघाकडून मिळणाऱ्या कीर्तीवर रेजीला किराणा मिळत नव्हता.

त्याची एकच गोष्ट मोठी होती. एक यार्ड. शेवटचा प्रयत्न आणि एक यार्ड हवा, अशी वेळ आली की चेंडू लेस्टरकडेच जाणार हे आमच्या लोकांना माहीत, समोरच्यांना माहीत, सॉसेज विकणाऱ्यालाही माहीत. अकराच्या अकरा जण त्याच्याकडे बघत उभे राहायचे. आणि तरी तो जायचा. नऊ वर्षांत एकदाही अडला नव्हता. संघ दरवर्षी हरायचा ही गोष्ट वेगळी, पण एक यार्ड आमचा होता. स्टॅसेकच्या बारमध्ये लोक बायकोच्या प्रामाणिकपणाची पैज लावायला कचरत, लेस्टरच्या यार्डाची मात्र डोळे मिटून लावत.

अडुसष्ट साली नवा कोच आला, हॅडली नावाचा. वय छत्तीस, चष्मा, बगलेत तक्ते. त्याने पहिल्याच महिन्यात शोध लावला की लेस्टर बत्तीस वर्षांचा आहे. हे तक्त्याशिवाय कळलं नसतं. नोव्हेंबरात त्याने पेपरवाल्यांना सांगितलं, "एका यार्डासाठी व्रोबेल अजून शंभर टक्के आहे. तोवर त्याची जागा पक्की. ज्या दिवशी तो एका यार्डात अडकेल, त्या दिवशी मी तरुण गडी बघेन."

थँक्सगिव्हिंगच्या सणाला मी रेजी आणि लेस्टरकडे जेवायला होतो. टर्की झाली, आईच्या पद्धतीचे कोबीचे गोळे झाले, लेस्टर आरामखुर्चीत पाय वर करून घोरायला लागला. डावा गुडघा उशीवर, उशीवर बर्फाची पिशवी. रेजी भांडी घासत होती, मी पुसत होतो.

"एमिल, तो चिमटा तूच लावतोस ना?"

"मग काय पोप लावतो?"

"तो जरा इकडेतिकडे झाला तर काय होतं?"

"तर जरा इकडेतिकडे होतं. का?"

तिने नळ बंद केला. "डॉक्टरांनी परवा मला एकटीला बोलावलं. एक्सरे दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, बाई, दोन हाडांच्या मध्ये गादी असते, ती तुम्हाला कुठे दिसते का बघा. मी मूर्खासारखी बघत बसले. नाहीच आहे रे. आणखी एक हंगाम खेळला तर गुडघा कायमचा ताठ होईल म्हणाले. जिना चढणार नाही, लॉरीवर चढणार नाही, काही नाही."

"मग त्याला सांग सोडायला."

"नऊ वर्षं सांगतेय. पालथ्या घड्यावर पाणी! तो म्हणतो, यार्ड मिळतोय तोवर खेळणार. कोचही तेच म्हणतो. मग एकदा नाही मिळाला यार्ड तर काय आकाश कोसळेल? एकदाच, एमिल. तुझ्या हातात आहे."

मी ताटली खाली ठेवली आणि प्रवचन दिलं. माप म्हणजे माप. मी नळवाला असेन, पण आयुष्यात पाइप अर्धं बोटही खोटा कापलेला नाही. त्या चिमट्यावर चाळीस हजार लोकांचा विश्वास आहे.

"मिसेस पावलिकच्या संडासाचं बिल मी पाहिलंय," रेजी म्हणाली. "आम्हाला नको सांगूस विश्वास." पण मग तिचे डोळे भरले आणि ती पुन्हा भांडी घासायला लागली. "जाऊ दे. मी सेंट सिरिलमध्ये मेणबत्ती लावेन. देवाला तरी बहीण असेल."

मी नाही म्हणालो ते मनापासून म्हणालो होतो. हे लिहून ठेवतो, कारण पुढे कोणी विश्वास ठेवणार नाही.

हंगामाचा शेवटचा सामना डिसेंबरात, घरच्या मैदानावर. तीन विजय, दहा पराभव अशी आमची देदीप्यमान कामगिरी झालेली. चाळीस हजारांच्या मैदानात नऊ हजार माणसं, त्यातली अर्धी घरात भांडण झालं म्हणून आलेली. जिंकून काही मिळणार नव्हतं, हरून काही जाणार नव्हतं. मध्यंतरात गायनमास्तरांना सर्दी झाली म्हणून मी त्यांच्यासाठी गोळी मागायला खेळाडूंच्या खोलीत गेलो. लेस्टर टेबलावर पडला होता. डॉक्टर त्याच्या गुडघ्यात सुई घालून पाणी काढत होते. पिवळं, त्यात लाल धागे. काचेचं भांडं अर्धं भरलं होतं. लेस्टर छताकडे बघत होता आणि त्याच्या तोंडात टॉवेल होता.

मला बघून त्याने टॉवेल काढला. "काय रे एमिल, आज एकदाही मोजायला आत आला नाहीत? फुकटचे सँडविच खाता सगळे."

"तू दहा यार्ड गेलास तर मोजू ना."

तो हसला. मग उठला. उठताना त्याने दोन्ही हातांनी स्वतःचा पाय उचलून टेबलावरून खाली ठेवला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. मी गोळी न घेताच बाहेर आलो.

शेवटच्या पंधरा मिनिटांत आम्हाला नवे चार प्रयत्न मिळाले. पंचाने जागा दाखवली, पोस्टमनने मागची काठी रोवली, विमा एजंटने पुढची ओढून धरली. मी रेघेपाशी वाकलो. मला भीती वाटत होती. दुसरं काही नाही, निव्वळ भीती, की हा माणूस पुढच्या वर्षी माझ्यासमोर पाच पावलांवर कायमचा मोडेल आणि मला चेहरा सरळ ठेवावा लागेल. मी चिमटा रेघेपासून चार बोटं मागे लावला. मागे लावला म्हणजे मोजताना सगळी साखळी चार बोटं पुढे सरकणार. इतकी वर्षं प्रामाणिक राहिल्याचा हा फायदा, लबाडी करताना कोणी बघत नाही.

मोजायची वेळ येईलच असं नव्हतं. मी मनात म्हटलं, येणार नाही. पण तीन प्रयत्नांत आमचे गडी नऊ यार्ड गेले. चौथा प्रयत्न, एक यार्ड. हॅडलीने तक्त्याकडे बघितलं आणि लेस्टरकडे बोट केलं. नऊ हजार माणसं उभी राहिली. ती येतात ती याच एका गोष्टीसाठी.

तो निघाला. मान खाली, चेंडू पोटाशी. धडक मैदानाबाहेर ऐकू आली. ढीग झाला, ढीग उपसला, तळाशी लेस्टर, चेंडू त्याच्या कवेत. पंचाने चेंडू ठेवला आणि आम्हाला आत बोलावलं. पंच चिमटा धरून पुढे, आम्ही मागे. चिमटा रेघेवर टेकला. विमा एजंटने साखळी ताणली. चेंडू काठीच्या अलीकडे राहिला. दोन बोटं.

पंचाने अंगठा आणि तर्जनी वर करून सगळ्यांना दाखवलं, एवढं कमी. लेस्टर गुडघ्यावर बसून त्या फटीकडे बघत होता. त्याने वाद घातला नाही. त्याने एकदाच माझ्याकडे बघितलं, आणि मी नियमाप्रमाणे चेहरा सरळ ठेवला.

जानेवारीत संघाचं पत्र आलं. चार ओळी टंकलेल्या, वर 'प्रिय' लिहून जागा सोडलेली, तिथे शाईने 'लेस्टर'. नऊ वर्षांच्या सेवेबद्दल आभार, चाव्या कचेरीत जमा कराव्यात. रेजीने मला फोन केला आणि आनंदाने रडली. "सुंठीवाचून खोकला गेला रे! मी म्हटलं होतं ना, देवाला कळतं. आणि तुला उगाच पापात ओढत होते मी." मी म्हणालो, हो, देवाला कळतं. सेंट सिरिलमध्ये तिने दर रविवारी मेणबत्ती लावायचं ठरवलं. माझं श्रेय देवाने घेतलं, आणि ते परत मागायची माझी हिंमत नव्हती.

गुडघा बरा होत गेला. माणूस मात्र बिघडला. सामानघरातल्या एका जुन्या ओळखीच्याने लेस्टरला त्या सामन्याची फिल्म दिली. लेस्टरने दिवाणखान्यात चादर लावली आणि तो एकच प्रयत्न पुढे-मागे, पुढे-मागे चालवत बसायला लागला. रविवारी जेवायला गेलो की आधी तो शो.

"हे बघ, इथे मी अर्धं पाऊल उशिरा निघालो," तो सांगायचा. "आणि इथे खांदा वर आला. खांदा वर आला की गेलंच."

"अरे, सोड ना. ढिगात कुणाला काय कळतंय?"

"मला कळायला हवं होतं. तेवढंच तर काम होतं माझं."

बारमध्ये तो दोनदा गेला. पहिल्यांदा स्टॅसेक म्हणाला, "लेस्टर, बिअर पूर्ण भरू की दोन बोटं कमी?" सगळे हसले. तोही चांगला हसला. दुसऱ्यांदा कोणीतरी तेच म्हणालं तेव्हा तो कोट न घालताच घरी आला, आणि मग कुठेच जाईना. ब्रुअरीतही पिंप उचलताना मध्येच थांबून राहायचा. रेजी मला स्वयंपाकघरात ओढून म्हणायची, "पाय राहिला, पण नवरा कुठे गेला, एमिल? त्याला जरा बाहेर काढ." मी बघतो म्हणायचो आणि तिच्याकडे बघत नसे.

उन्हाळ्यात पोस्टमन निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेला. साखळीला चौथा माणूस हवा होता, मी लेस्टरचं नाव दिलं. मला वाटलं, मैदानावर तरी येईल. ऑगस्टात ताज्या रेघा मारल्या की आमची उजळणी असते. बाकीचे दोघे काठ्या ठेवून कॉफी प्यायला गेले. मी लेस्टरला चिमटा दाखवला. भर उन्हात रिकामं मैदान, गवताला रंगाचा वास.

"हा नेमका रेघेवर लावायचा?" त्याने विचारलं.

"नेमका."

"आणि मागे-पुढे झाला तर?"

"साखळी तेवढी सरकते."

"मग कोण बघतं?"

"कोणी नाही. ज्याच्या हातात तोच."

त्याने चिमटा उलटसुलट करून बघितला. त्याच्या मनात काही नव्हतं. चोराचं चांदणं होतं ते माझ्या मनात. "बरं झालं त्या दिवशी तू होतास," तो म्हणाला. "दुसरा कोणी असता ना, तर मी म्हटलं असतं माप चुकलं. जन्मभर तेच म्हणत बसलो असतो, आणि सुखात राहिलो असतो. पण तू होतास. म्हणून मला कबूल करावंच लागलं की मी कमी पडलो."

यावर गप्प बसणं मला जमलं असतं. आठ महिने जमलं होतं.

"चार बोटं," मी म्हणालो.

"काय चार बोटं?"

"मी चिमटा चार बोटं मागे लावला होता. मुद्दाम."

त्याला कळायला वेळ लागला. मग त्याने तो वाकडा उजवा हात डोळ्यांसमोर धरला. चार बोटं. त्यातली दोन मिटली, कारण किती कमी पडलं ते साऱ्या गावाला पाठ होतं. उरलेल्या दोन बोटांकडे तो बघत राहिला.

"म्हणजे मी गेलो होतो."

"गेला होतास."

"दोन बोटं जास्त."

"दोन बोटं जास्त."

तो गवतावर बसला आणि रडला. मोठ्याने, लाज न बाळगता. मध्येच हसला. "गेलो होतो च्यायला!" तो रिकाम्या खुर्च्यांकडे बघून ओरडला. मला वाटलं, सुटलो. मग त्याने माझ्याकडे मान वळवली.

"का केलंस?"

"तुझा गुडघा."

"रेजीने सांगितलं?"

"नाही. माझं मीच." रेजीने मागितलं होतं आणि मी नकार दिला होता, तेव्हा हे खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं. एवढं एक माप मी त्याच्या संसारासाठी जरा सरकवलं.

"माझा गुडघा होता, एमिल," तो सावकाश म्हणाला. "मोडायचा तर मी मोडला असता. तुझ्या त्या चिमट्याने तू माझं एक वर्ष खाल्लंस. आणि मग आठ महिने माझ्या घरी बसून कोबी खाल्लास, आणि मी चादरीसमोर स्वतःला शिव्या देत होतो ते बघत राहिलास."

"हो."

"मारू का तुला?"

"मार."

त्याने विचार केला. खरंच विचार केला, कारण त्याची मूठ वळली होती. मग तो उठला. कशाला न धरता, एका झटक्यात, दोन्ही पायांवर. ते बघून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

"हे कुणाला सांगायचं नाही," तो म्हणाला. "लीगला कळलं तर तुला तुरुंग होईल की नाही ते माहीत नाही, पण रेजी मरेल. रविवारी जेवायला येत जा, नाहीतर ती विचारेल. पण माझ्याशी बोलायचं नाही."

मी त्याच दिवशी चिमटा कचेरीत जमा केला. पाठ दुखते म्हणून कारण दिलं. लेस्टरनेही काठी धरली नाही. पण त्याने चादर उतरवली, आणि स्टॅसेकच्या बारमध्ये पुन्हा जायला लागला. कोणी दोन बोटं कमी भरू का विचारलं की म्हणतो, भर बाबा तुला वाटेल तशी, आणि विचारणाऱ्याला स्वतःच्या पैशाने पाजतो. लोक म्हणतात, लेस्टर किती मोठ्या मनाचा. गावाच्या लेखी त्याचा यार्ड हुकलेला आहे आणि त्याच्या खिशात तो आहे, हे फक्त आम्हा दोघांना माहीत.

याला आता सहा वर्षं झाली. मी दर रविवारी जातो. रेजी विचारते, तुम्हा दोघांचं काय बिनसलंय? तो म्हणतो, फुटबॉलवरून. ती कपाळावर हात मारते, पुरुषांना काही कामं नाहीत म्हणते, आणि मला आणखी एक कोबीचा गोळा वाढते. जेवण झालं की लेस्टर वर जातो. दोन-दोन पायऱ्या गाळत, धाडधाड. मी खाली टेबलाशी बसून ते ऐकतो. मला एवढंच हवं होतं, आणि ते मिळालं. तरी अजून वाटतं, एखाद्या रविवारी त्याने जिन्याच्या वरून हाक मारावी, एमिल, वर ये, बिअर आहे. मी ऐकत बसतो, आणि मग रेजी म्हणते, उशीर झाला, तू निघ आता.